घरबसल्या कबड्डी

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागे एकाला हाच किस्सा सांगत होतो, तर त्याने तोंडातला घोट सरळ शेजारच्याच्या मांडीवर उडवला. आणि वर मलाच म्हणतो, "असं काही सांगायच्या आधी सांगत जा ना गा!" म्हणून आधीच बजावतो. आयुष्यात मी येडेपणा काही कमी केला नाही, पण एवढे पैसे खर्चून, एवढी मेहनत घेऊन केलेला हा एकच.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीचा. खत-बियाण्याचं दुकान आहे, थोडी धानाची शेती आहे. भिंतीला भिंत लागून थोरला भाऊ राहतो, मनोहरदादा. त्याची पोरगी तेजू नागपुरात कॉलेजात शिकते आणि कबड्डी खेळते. खेळते म्हणजे कशी? ती चढाईला गेली की समोरच्या पोरी अंगणात साप निघाल्यासारख्या मागे सरकतात!

पण दादाला हे खेळणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. "उद्या हात-पाय मोडला त कोन पाहील?" हे त्याचं एकच पालुपद. वहिनी बिचारी मधल्या मध्ये. शेवटी मीच मध्ये पडलो. छाती ठोकून म्हटलं, "दादा, पोरीले खेळू दे. काही झालं त जिम्मेदारी माझी."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ध्यानात ठेवजो."

बस, एवढंच म्हणाला. दादा मुळात कमी बोलतो. त्यामुळे त्याचं जे काही बोलणं असतं ते छातीवर दगड ठेवल्यासारखं बसतं.

तर यंदा उन्हाळी धानाचे रोवणे, म्हणजे रोपांची लावणी, चालू असताना तेजूचा फोन आला. पोरगी नुसती उड्या मारत होती. "काकाजी, आमची मोठी स्पर्धा हाय! इथंच नागपुरात! रविवारी दुपारी माझा सामना हाय. आई-बाबाले घेऊन या ना. बाबानं एकदाही मले खेळताना नाही पाहिलं. आनि काकाजी, मोबाईलवर लाइव्ह पन दाखवनार हायेत!"

तिने ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तिथेच सगळा घात झाला.

कारण काय, की दिवाळीत मी नवा टीव्ही घेतला होता. एवढा मोठा, की तो लावायला भिंतीवरच्या सगळ्या देवांना दुसऱ्या खोलीत जावं लागलं. एवढा टीव्ही घेतला, पण साऱ्या गल्लीला बोलावून दाखवावा असं काही निमित्तच मिळत नव्हतं. आणि आता घरचीच पोरगी त्यात दिसणार! मी सोडतो का?

म्हटलं, "नागपूरले कायले वो तेजू? तिथी गर्दी, धक्के, आनि एवढ्या दूरून तू दिसशीन मुंगीएवढी. आम्ही घरीच पाहू, आरामात! साऱ्या गल्लीले बोलावतो!"

"पन काकाजी..."

"तू फक्त खेळ. बाकी माझ्यावर सोड."

बाकी माझ्यावर सोडलं की काय होतं, ते आता ऐका.

पूर्वी कसं होतं? छतावर डिशची छत्री, महिन्याचे ठरलेले पैसे, बटण दाबलं की खेळ चालू. रिमोट सापडला नाही एवढीच काय ती अडचण. आता प्रत्येक खेळाचा मालक वेगळा! आपली टीम घरी खेळली तर एका ॲपवर, परदेशात गेली तर दुसऱ्यावर. म्हणजे खेळाडू विमानात बसले की इथे आपल्या खिशाला हात लागतो. मी क्रिकेटच्या ॲपचे पैसे आधीच भरून बसलो होतो. मोठ्या ऐटीत ते उघडलं आणि 'कबड्डी' म्हणून शोधलं. निघाली! पण पुरुषांची.

महिलांची ही स्पर्धा म्हणे तिसऱ्याच ॲपवर. ठीक आहे बाप्पा, तेही उतरवलं. पैसे मागितले, भरले. तर पडद्यावर अक्षरं आली, हा प्लॅन फक्त मोबाईलवर चालेल. टीव्हीवर पाहायचं तर मोठा प्लॅन घ्या. आणि मोठा प्लॅन महिन्याचा मिळत नाही, घ्यायचा तर वर्षाचाच घ्या!

शोभा, माझी बायको, मागे उभी राहून सगळं पाहत होती. "अजी, दोन-तीन दिवसाचा खेळ, आनि पैसे वर्षाचे?"

"लोकं काही ना काही खेळतच राहतात वो वर्षभर!"

"तुम्ही पाहान ते?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पैसे भरले.

तरी आपलं काम संपलं असं समजू नका. आता जाहिराती. पैसे भरले तरी जाहिराती आहेतच! जाहिराती नको असतील तर अजून पैसे भरा. म्हणजे पाहा, दाखवायचे पैसे वेगळे आणि न दाखवायचे पैसे वेगळे! असा धंदा मला जमला असता तर मी खताची पोती कशाला विकत बसलो असतो?

मग पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे. सोयरीक जुळवताना एवढ्या अटी कोणी घालत नाही. आणि ते सगळं रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर गाठत गाठत लिहायचं. एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे साकोलीहून गोंदियाला पायी जाण्यासारखं! अर्ध्या वाटेत अंगठा घसरला की सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

ते झालं तर ओटीपी. तो गेला शोभाच्या फोनवर, कारण पैसे तिच्या खात्यातून भरले होते. आणि शोभा तोवर कंटाळून घरामागच्या धानाच्या बांधीत, रोवण्यावर निघून गेलेली. इकडे टीव्हीवर घड्याळ उलटं चालू झालं. मी मागच्या दारात जाऊन ओरडलो, "शोभा! नंबर सांग! मेसेजचा नंबर!"

तिचे हात कोपरापर्यंत चिखलात. कोपरानेच तिने फोन उघडला आणि बांधीतून ओरडली, "चार! आठ! मंग एक!"

"एक का सात?"

"एक! एक!"

"म्हंजे दोनदा एक?"

"नाही अजी, एकच एक!"

रोवण्याच्या साऱ्या बाया कंबर सरळ करून हा तमाशा पाहायला उभ्या राहिल्या. तोवर इकडे वेळ संपली. नवा ओटीपी. तिसऱ्या वेळी कसा तरी जमला, आणि पडद्यावर एकदम रंगीत चित्रं उमटली तेव्हा मला असं वाटलं, की बोर्डाच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिला आलो.

राहता राहिलं नेट, तोवर ते सारखं तुटत होतं. आमच्याकडे नेट सगळ्या घरात येत नाही, ठरावीक जागी येतं. माझ्या घरी ते समोरच्या खिडकीच्या वरच्या गजापाशी येतं. तिथे माझा मोबाईल सुतळीने बांधला, त्याचं नेट टीव्हीला पक्कं जोडलं, आणि बाहेर जाऊन गल्लीत दवंडी दिली. रविवारी दुपारी, आपली तेजू, आपल्या घरी, लाइव्ह!

रविवारी जेवणं आटोपून माणसं जमली. म्हातारे खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. शोभाने चिवडा केला, चहाचं आधण ठेवलं. माझा मित्र कवडू, ज्याची भाड्याची गाडी आहे, तो दाराला टेकून उभा. दादा अगदी पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचे कपडे घालून. टीव्ही पाहायला इस्त्रीचे कपडे! कोणाला काही बोलला नाही, पण पोरीला पाहायला तो किती आतुर झाला होता ते त्या इस्त्रीवरून समजा. वहिनी त्याच्या पायाशी पदर सावरून बसलेली.

मी ॲप उघडलं. कबड्डी चालूच होती! निळ्या कपड्यांतल्या पोरी एकीकडे, पिवळ्या दुसरीकडे. टाळ्या पडल्या. पण आवाज येईना. रिमोट दाबला, टीव्हीच्या पाठीत थाप मारली, काही केल्या आवाज नाही. म्हटलं जाऊ द्या, समालोचन मीच करतो!

आणि तिथून माझी गाडी उताराला लागली.

"ती पाहा!" मी निळ्यांतल्या एकीकडे बोट दाखवलं. "ती आपली तेजू!"

तेजूच्या संघाचे कपडे निळे, हे मला फोटोतून माहीत होतं. आणि ही पोरगी चढाईला जात होती. दुसरं कोण असणार? चित्र तसं धूसरच होतं, मधून मधून माणसांचे नुसते चौकोन होत. पण एवढे पैसे भरल्यावर संशय घ्यायला मन धजत नाही.

वहिनी डोळे बारीक करून म्हणाली, "भाऊजी, आपली तेजू एवढी उंच कुठी हाय?"

"टीव्ही केवढा मोठा हाय वहिनी! त्यात मानूस उंचच दिसते."

"आनि केस? तिची त एवढी लांब वेनी हाय."

"खेळासाठी कापले असतीन."

"मले न विचारता?" वहिनीचा चेहरा उतरला.

दादा तेवढ्यात हळूच म्हणाला, "चालनं काही तिचं नाही वाटत गा विलास."

आता सांगा, जन्मदाते आई-बाप म्हणतात की ही आमची वाटत नाही. शहाणा माणूस थांबला असता की नाही? पण मी समालोचक! मी म्हटलं, "दादा, तू तिले घरी चालताना पाहिलं. मैदानातलं चालनं वेगळं राहते!"

मग काय, सारी गल्ली त्या पोरीच्या मागे. ती हात लावून परत आली की टाळ्या. ती बाद झाली की हळहळ. वहिनीही हळूहळू पाघळली. "माय वो, किती वाळली माझी पोरगी," म्हणून डोळे पुसू लागली. दादाच्या हातातला चहा गार झाला, त्याला भानच नव्हतं.

आणि अचानक पिवळ्या पोरींनी तिला धरलं. चार-पाच जणी अंगावर. त्या उठल्या, पण ही उठेना. गुडघा धरून कळवळत होती. धावपळ झाली, कोणीतरी पाणी आणलं, मग दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. तिला त्यावर ठेवलं. कॅमेऱ्याने तिचा चेहरा जवळून दाखवला, वेदनेने वाकडा झालेला, अर्धा हाताने झाकलेला...

आणि चित्र तिथेच थांबलं. मधोमध ती गोल चक्री फिरायला लागली.

एवढी माणसं त्या चक्रीकडे डोळे लावून बसली. चक्री फिरतेय, फिरतेय. मी रिमोट दाबला. पडद्यावर पाटी आली, जाहिरातींशिवाय पाहण्यासाठी प्लॅन वाढवा.

वहिनीने हंबरडा फोडला.

दादाने तेजूला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा नंबर मीच लावून दिला. बंद! मग त्याने माझ्याकडे पाहिलं. 'ध्यानात ठेवजो' हेही म्हणाला नाही. त्याने तेवढं म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं!

"कवडू, गाडी काढ," मी म्हटलं.

शोभा म्हणाली, "जा तुम्ही. आम्ही बाया इथंच बसतो, टीव्हीवर काही समजलं त सांगतो." माझा मोबाईल खिडकीला बांधलेलाच राहिला. तो सोडला असता तर टीव्हीच बंद पडला असता ना!

निघालो. कवडू चालवतोय, मी त्याच्या बाजूला, दादा-वहिनी मागे. साकोलीला मोठा रस्ता लागला तशी कवडूने गाडी पळवली. एरवी हा माणूस जनावर आडवं आलं तरी उतरून त्याची विचारपूस करतो, त्या दिवशी हॉर्नवरचा हात काढला नाही. लाखनी गेली. वैनगंगेच्या पुलावर वहिनीने खिडकीतून नदीला हात जोडले. मी आरशातून दादाकडे पाहत होतो. तो बाहेर पाहत होता. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजलेला.

भंडारा मागे पडल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "तेजू म्हने, बाबानं एकदाही पाहिलं नाही. अनखी काय म्हने विलास तुले?"

"या म्हने. आई-बाबाले घेऊन या म्हने."

"मंग आपन काहून नाही गेलो?"

आता याला काय सांगू? मला टीव्ही दाखवायचा होता म्हणून? खरं सांगतो, त्या वेळी कोणी म्हटलं असतं की टीव्ही वैनगंगेत टाक आणि पोरगी सुखरूप घे, तर मी भिंतीसकट टाकला असता. डोळ्यांसमोर सारखा तो गुडघा. तिचं खेळणं बंद होईल का? ती नीट चालेल का? उद्या तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? आणि दादासमोर?

नागपुरात क्रीडा संकुल शोधायला अजून वेळ गेला. फाटकाशी गाडी थांबायच्या आधीच मी उतरलो. रखवालदार आडवा आला. "कुठे काका?"

"पेशंटचे नातेवाईक!"

"काका, दवाखाना पलीकडच्या रस्त्याला आहे."

त्याच्या हाताखालून घुसलो मी. मागून दादा, त्याच्या मागे वहिनी. आत मोठा हॉल, लोकांचा हल्लकल्लोळ, लखलखीत दिवे, आणि मध्ये ते मॅट. मॅटवर निळ्या आणि पिवळ्या पोरी. कोणीतरी "तेजस्विनी, तेजस्विनी!" म्हणून ओरडत होतं. मी पाहतो तर काय! पिवळ्या पोरींचा ढीग पडलेला, आणि त्या ढिगाखालून एक लांब वेणी बाहेर आलेली. तेजूची वेणी!

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्या डोक्यात काय आलं असतं? माझ्या डोक्यात हेच आलं, की मोडक्या पायाने पोरीला पुन्हा खेळायला उतरवलं! आणि वर या सगळ्या जणी तिच्यावर बसल्या!

मग माझे पाय माझे राहिले नाहीत. बाकडी ओलांडली, दोरी ओलांडली, आणि मी थेट त्या ढिगापाशी.

"सोडा! सोडा पोरीले! पाय मोडून हाय तिचा! मानसं हाय का कोन हाय?"

एका पिवळ्या पोरीचा दंड धरून मी ओढला. दणकट पोरगी! ती तसूभर हलली नाही, उलट मीच तिच्या बाजूला जाऊन बसलो. पंचांची शिट्टी वाजली, एक नाही, चारही बाजूंनी. ढीग उलगडला. आतून तेजू निघाली. घामाने चिंब, केस विस्कटलेले, आणि दोन्ही पायांवर टणकन उभी!

"काकाजी?" तिचे डोळे एवढे मोठे झाले. "तुम्ही इथी? पाय कोनाचा मोडला?"

मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. डावा पाहिला, उजवा पाहिला. दोन्ही जागच्या जागी. मी बसल्या बसल्याच विचारलं, "तुझा नाही?"

"नाही जी!"

"स्ट्रेचरवर नेलं ना तुले दुपारी?"

"दुपारी? काकाजी, आमचा सामना आता सुरू झाला. सकाळपासून सगळंच लांबलं."

हॉलभर लोक हसत होते, पिवळ्या संघाचा प्रशिक्षक हातवारे करून भांडत होता, पंच माझ्याकडे बोट दाखवत होते, आणि मी मॅटवर बसून हसत होतो. डोळ्यांतून पाणी, तोंडाने हसू. दोन स्वयंसेवक आले आणि मला काखेत धरून, लग्नातल्या रुसलेल्या फुफाजींना उचलतात तसं, अलगद बाहेर घेऊन गेले.

जाता जाता दादा दिसला. तो दोरीपाशी थांबला होता. तेजूने त्याच्याकडे पाहिलं, "बाबा!" म्हणून हात हलवला. दादाने आधी तिचे पाय पाहिले, मग चेहरा पाहिला. मग तिथल्याच एका रिकाम्या खुर्चीत तो धपकन बसला आणि वहिनीला म्हणाला, "बस. पाहू."

वहिनी म्हणाली, "वेनी हाय वो बाप्पा, वेनी हाय!"

मला बाहेरच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. एक पोक्त स्वयंसेवक बाई माझ्यावर लक्ष ठेवायला उभ्या राहिल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"काका, सामने लांबले ना, म्हणून दुपारी ॲपवर गेल्या वर्षीचे लावून ठेवले होते. कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'जुना सामना' असं लिहिलेलं असतं."

"आमच्या टीव्हीत काही लिहिलं नव्हतं."

"वरच्या उजव्या कोपऱ्यात?"

वरच्या उजव्या कोपऱ्यात! तिथे तर टीव्हीच्या कंपनीचा स्टिकर आहे, चमकदार, तळहाताएवढा. दुकानातून आणला तसा. टीव्ही नवा आहे हे लोकांना समजावं म्हणून मी तो काढलाच नव्हता!

"मग फोन काहून बंद होता पोरीचा?"

"सामन्याच्या दिवशी खेळाडूंचे फोन आम्ही जमा करून घेतो, काका. घरच्यांचे फार फोन येतात." आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता घरचे लोकही जमा करून ठेवावे लागतील."

"मी आत बसून पाहू का? काही नाही करत."

"तुम्ही इथेच बसा."

आतून टाळ्यांचा कडकडाट येत होता. दाराच्या फटीतून थोडंसं दिसे. तेजू बाद होऊन बाकावर बसली होती, आता पुन्हा आत आली. दादा खुर्चीवरून उभा राहिलेला. त्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकतोय, पण एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. "धर तिले! जाऊ देऊ नको! शाब्बास माझी वाघीन!" पाय मोडेल म्हणून घाबरणारा हाच तो माणूस! मला तर असं हलकं वाटत होतं की खुर्चीवरून उडून जाईन की काय.

तेवढ्यात कवडू गाडी लावून आला. त्याचा फोन वाजत होता. "घे, शोभावहिनी हाय."

शोभा एवढ्या मोठ्याने बोलत होती की फोनची गरजच नव्हती. "अजी! तेजू बरी हाय! आत्ता टीव्हीवर आली! आवाज बी येऊन राहिला, नाव घेतलं तिचं! पाय एकदम साबूत हायेत!"

"मले माहीत हाय. भेटलो मी तिले."

"ते दुपारचं भलतंच काही होतं म्हने. आता खरं सुरू झालं. सारी गल्ली परत आली पाहाले. काय साफ दिसून राहिलं अजी, एकेकीच्या कपाळावरचा घाम दिसते!"

मी समाधानाने पाय पसरले. एवढे पैसे भरले ते शेवटी वाया नाही गेले. "पाहा मंग आरामात," मी म्हटलं.

तिकडून एकदम गलका आला. "गेली, गेली, तेजू चढाईले गेली!"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. इथे तर चढाई दुसरीच पोरगी करत होती. क्षणभर समजेना. मग डोक्यात उजेड पडला. मंडळी, हे 'लाइव्ह' म्हणतात ते आमच्या गावापर्यंत लाइव्ह पोचत नाही. नागपुरातून निघालेलं चित्र चक्री खात, थांबत थांबत, बरंच मागून एकोडीला येतं. म्हणजे इथे जे होऊन गेलं, ते तिथे अजून व्हायचं होतं.

"शोभा," मी म्हटलं, "टीव्ही बंद कर."

"काय?"

"बंद कर म्हटलं ना! आत्ताच्या आत्ता!"

"काहून? एवढं रंगात आलं! थांबा, धरलं तिले... साऱ्या जनी पडल्या अंगावर... अगा बाई! हा कोन मानूस घुसला मधात?"

मी डोळे मिटले.

"पागलच दिसते कोनी. पोरीचा हात ओढून राहिला! पडला! पडला पाहा, बरं झालं! मॅटवर चपला घालून गेला जी, लाजही नाही वाटत. आता तोंड इकडे केलं त..."

पलीकडून साऱ्या गल्लीचा हशा. मी शंभर कोस दूर असतो तरी मला ऐकू आला असता. आणि त्या हशातून शोभाचा आवाज, अगदी बारीक होऊन.

"अजी, तुम्ही आता कुठी हाय?"

"मी? मी बाहेर हाय. व्हरांड्यात. खुर्चीवर बसलो."

"खोटं नका बोलू!" शोभा कडाडली. "मले दिसून राहिले तुम्ही! उठा तिथून, आनि आधी त्या चपला काढा!"

आणि मी, व्हरांड्यात, खुर्चीवर बसल्या बसल्या, निमूटपणे चपला काढल्या.